वेस्ट पॉइंटचा सौदा: बेनेडिक्ट आर्नल्ड फितूर का झाला आणि फितुरी फसली कुठे

प्रश्न असा आहे. १७७७ च्या साराटोगाच्या विजयात ज्याचा सर्वात मोठा वाटा, तो अमेरिकन क्रांतियुद्धातला धडाडीचा सेनापती तीन वर्षांच्या आत आपल्याच ताब्यातला हडसन नदीवरचा वेस्ट पॉइंट किल्ला इंग्रजांना विकायला कसा निघाला? आणि किल्लेदारच फितूर असताना सौदा ऐन वेळी फिसकटला कसा?

पहिल्या भागाचं उत्तर बहुतेक जण 'अपमान' या एका शब्दात देतात. दुसऱ्याचं उत्तर 'तीन देशभक्तांनी हेर पकडला' असं दिलं जातं. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. अपमान खरे होते, पण तारखा लावून पाहिल्या की पैशाचं पारडं जड दिसतं. आणि कट फसला तो मुख्यतः त्याच्या गुप्ततेमुळेच. आर्नल्डच्या हाताखालच्या एकाही अधिकाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. त्यामुळे नदीकाठचा प्रत्येक माणूस आपापलं रोजचं काम करत राहिला आणि त्या रोजच्या कामांनीच कटाचे पाय ओढले.

आधी त्याच्या कर्तबगारीबद्दल थोडक्यात, कारण 'तो मुळातच वाईट होता' हा समज चुकीचा आहे. आर्नल्ड हा कनेटिकटमधल्या न्यू हेवनचा औषधविक्रेता आणि जहाजी व्यापारी. १७७५ च्या सप्टेंबरात सुमारे ११०० माणसं घेऊन तो मेनच्या जंगलातून क्यूबेकवर निघाला. होड्या ओल्या लाकडाच्या, घाईत ठोकलेल्या. त्या गळू लागल्या, पीठ आणि बंदुकीची दारू भिजली, आणि एक अख्खी तुकडी मागे फिरली. सेंट लॉरेन्स नदीपर्यंत सहाशेच्या आसपास माणसं पोचली. ३१ डिसेंबरला हिमवादळात केलेला हल्ला फसला आणि त्याच्या डाव्या पायात गोळी घुसली. पुढच्या वर्षी ११ ऑक्टोबरला शॅम्प्लेन सरोवरात व्हॅल्कूर बेटापाशी त्यानं घाईत बांधलेलं छोटं आरमार घेऊन इंग्रजांना अडवलं. त्यातली बहुतेक जहाजं गेली, पण इंग्रजांचा मोसम संपला आणि दक्षिणेकडची चढाई एक वर्ष लांबली. त्या एका वर्षामुळेच १७७७ मध्ये साराटोगा घडू शकलं. ७ ऑक्टोबर १७७७ ला कसलाही अधिकृत हुकूम हाती नसताना तो रणात घुसला आणि जर्मन भाडोत्री सैनिकांच्या मोर्च्यावर चढाई करताना तोच डावा पाय पुन्हा जायबंदी झाला. दहा दिवसांनी इंग्रज सेनापती बर्गॉयन शरण आला, आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सनं अमेरिकेशी तह केला.

आता अपमान. फेब्रुवारी १७७७ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं त्याच्यापेक्षा कनिष्ठ अशा पाच ब्रिगेडियर जनरलांना मेजर जनरल केलं आणि त्याला वगळलं. त्यात वैयक्तिक आकसापेक्षा राज्याराज्यांच्या वाटणीचा हिशेब जास्त होता. कनेटिकटचे दोन मेजर जनरल आधीच होते, तिसरा कुणाला परवडणारा नव्हता. मे महिन्यात बढती मिळाली, पण ज्येष्ठता मिळाली नाही. साराटोगाचं सुवर्णपदक तिथला मुख्य सेनापती गेट्स याच्या गळ्यात पडलं. ज्येष्ठता परत मिळाली तेव्हा आर्नल्ड अंथरुणावर होता. तो पाय पुढे दोन इंच आखूडच राहिला.

जून १७७८ मध्ये अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टननं त्याला फिलाडेल्फियाचा लष्करी गव्हर्नर नेमलं. घोड्यावर बसता न येणाऱ्या सेनापतीची सोय म्हणून ही नेमणूक समजण्यासारखी होती, पण माणूस आणि जागा यांचा मेळ बसला नाही. इंग्रज नुकतेच शहर सोडून गेलेले, दुकानं त्याच्या हुकमानं काही दिवस बंद, आणि त्याच काळात बंद दुकानांतला माल स्वस्तात उचलायचा एक खासगी करार त्यानं केलेला. सरकारी गाड्या खासगी माल आणायला वापरल्या. घोडागाडी, मेजवान्या आणि नदीकाठचं 'माउंट प्लेझंट' हे घर या सगळ्यासाठी कर्ज काढलेलं. पेन्सिल्व्हेनिया सरकारनं फेब्रुवारी १७७९ मध्ये आठ आरोप ठेवले. ८ एप्रिलला ३८ वर्षांच्या आर्नल्डनं १८ वर्षांच्या पेगी शिपेनशी लग्न केलं. इंग्रज शहरात असताना जॉन आंद्रे या तरुण अधिकाऱ्याचं तिच्या घरी जाणंयेणं होतं. आंद्रे आता न्यूयॉर्कमध्ये इंग्रज सरसेनापती क्लिंटनच्या हाताखाली होता.

इथे तारखा महत्त्वाच्या. 'लष्करी न्यायालयानं ठपका ठेवला म्हणून आर्नल्ड फिरला' असं वारंवार लिहिलं जातं. न्यायालयाचा निकाल जानेवारी १७८० चा, वॉशिंग्टननं दिलेली समज एप्रिल १७८० ची. आर्नल्डनं इंग्रजांकडे पहिला निरोप धाडला तो मे १७७९ मध्ये, लग्नानंतर महिन्याभरात. म्हणजे ठपका आला तेव्हा दुकान उघडून वर्ष होत आलं होतं.

दलाल होता जोसेफ स्टॅन्सबरी, फिलाडेल्फियातला काचसामान आणि चिनी मातीची भांडी विकणारा व्यापारी. पत्रं त्याच्याकडून न्यूयॉर्कला जोनाथन ओडेल या धर्मोपदेशकाकडे आणि तिथून आंद्रेकडे जात. भाषा व्यापाऱ्यांची: माल, भाव, नफा, भागीदारी. आर्नल्ड सही करायचा 'गस्टेव्हस' किंवा 'मंक' म्हणून. मंक हा इंग्लंडच्या यादवीत बाजू बदलून राजाला गादी परत देणारा सेनापती. स्वतःकडे तो कोणत्या नजरेनं पाहत होता, हे त्या एका टोपणनावातून कळतं. आंद्रे झाला 'जॉन अँडरसन'.

सांकेतिक लिपी पुस्तकावर चालायची. दोन्ही बाजूंकडे एकाच आवृत्तीचं एकच पुस्तक. प्रत्येक शब्दासाठी तीन आकडे: पान, ओळ आणि त्या ओळीतला कितवा शब्द. सुरुवातीला ब्लॅकस्टोनचा कायद्यावरचा ग्रंथ घेतला. त्यात अडचण अशी की कायद्याच्या पुस्तकात 'तोफ', 'तराफा' असले शब्द शोधायचे कुठे? शब्द सापडेपर्यंत पानं चाळत बसायचं, आणि नाहीच सापडला तर एकेक अक्षर जुळवायचं. एका पत्राला तास न् तास लागत. म्हणून मग बेलीच्या शब्दकोशावर आले. कोशात शब्द अकारविल्हे असल्यानं काम झटपट होऊ लागलं. शिवाय अदृश्य शाई होती. पत्राच्या कोपऱ्यात 'एफ' असेल तर कागद विस्तवावर धरायचा, 'ए' असेल तर आम्ल लावायचं. मे १७७९ च्या अखेरीस ओडेलनं असंच एक पत्र विस्तवावर धरलं. कागद वाटेत दमट झाला होता, शाई पसरली होती, आणि मजकुराच्या जागी एक सलग डाग उमटला. ओडेलनं कपाळावर हात मारून तसं कळवून टाकलं.

भाव जुळेना. आर्नल्डचं म्हणणं, काम होवो न होवो, १०,००० पौंड नुकसानभरपाई पक्की हवी. क्लिंटनचं म्हणणं, आधी काम दाखवा, मग दाम. १७७९ च्या उत्तरार्धात बोलणी थंडावली. मे १७८० मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि जुलैत आर्नल्डनं थेट दर सांगितला: वेस्ट पॉइंट, शिबंदी, तोफा, साठा सगळ्यासकट २०,००० पौंड. एवढ्या महत्त्वाच्या वस्तूला ही किंमत स्वस्तच आहे, असंही वर लिहिलं. क्लिंटननं मान्य केलं, पण अट घातली की किमान तीन हजार माणसं हाती लागली पाहिजेत. नुसता ओसाड किल्ला घेऊन तो काय करणार होता?

वेस्ट पॉइंटच का? न्यूयॉर्कपासून सुमारे ५० मैल वर हडसन नदी इथे दोनदा काटकोनात वळते. शिडाच्या जहाजाला वळणावर वेग कमी करावाच लागतो, आणि तिथेच वर कड्यावर तोफा. एप्रिल १७७८ मध्ये नदीवर आडवी लोखंडी साखळी टाकली होती. एकेक कडी दोन फूट लांब, सव्वादोन इंच जाड, वजनाला शंभर पौंडांच्या आसपास. सगळी मिळून पासष्ट टनांच्या घरात, ओंडक्यांच्या तराफ्यांवर तरंगत ठेवलेली. दर हिवाळ्यात नदी गोठायच्या आधी ती काढून ठेवावी लागे. तिच्या तेरा कड्या आजही वेस्ट पॉइंटला ट्रॉफी पॉइंटवर मांडून ठेवलेल्या आहेत. हा नाका पडला असता तर न्यू इंग्लंड बाकीच्या राज्यांपासून तुटलं असतं. मुख्य किल्ल्याचं नावच तेव्हा 'फोर्ट आर्नल्ड' होतं, हे जाता जाता.

जुलैच्या शेवटी वॉशिंग्टननं त्याला सैन्याच्या डाव्या फळीचं नेतृत्व देऊ केलं. लढवय्यासाठी तो मान होता. आर्नल्डचा चेहरा पडला. पायाचं निमित्त पुढे करून त्यानं वेस्ट पॉइंट मागितलं आणि ३ ऑगस्ट १७८० ला ते मिळालं. मुक्काम त्यानं किल्ल्यात न करता पलीकडच्या तीरावर, थोडं खाली, बेव्हर्ली रॉबिन्सन या राजनिष्ठ माणसाच्या जप्त केलेल्या घरात केला. सप्टेंबरच्या मध्यात पेगी तिथे आली, कडेवर सहा महिन्यांचा एडवर्ड.

किल्ला आतून पोखरायचा कसा, हे इथे नीट दिसतं. आर्नल्डनं एकही असा हुकूम काढला नाही जो वाचून कुणाला शंका यावी. दोनशे माणसं लाकूड तोडायला धाडली, कारण हिवाळा येतोय. काही तुकड्या दूरच्या चौक्यांवर दिल्या, कारण मागणी आली होती. ओंडके पाणी पिऊन जड झाल्यानं साखळी मध्यभागी बुडू लागली होती. ते त्यानं इंग्रजांना कळवलं, दुरुस्ती मात्र रेंगाळली. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर रास्त वाटतो.

आंद्रेला दिलेले सहा कागद त्याहून बोलके आहेत. तोफखान्याला दिलेला सज्जतेचा हुकूम, म्हणजे धोक्याची तोफ झाली की कोणती तुकडी कुठे जाईल. शिबंदीची संख्या, तीन हजारांच्या थोडी वर. कोणत्या बुरुजावर किती माणसं लागतात. तोफांची यादी. वॉशिंग्टननं ६ सप्टेंबरच्या युद्धसमितीपुढे ठेवलेल्या मुद्द्यांची नक्कल. आणि तटबंदीवरचा शेरा, जो वाचताना एखादा गवंडी बोलतोय असं वाटतं: फोर्ट आर्नल्ड सुक्या फांद्यांच्या जुड्या आणि लाकूड यांचा, पडका, गोळा पडला की पेट घेईल असा. फोर्ट पटनम दगडी, पण पूर्वेची भिंत ढासळलेली. आणि पश्चिमेला पाचशे यार्डांवर किल्ल्यावर नजर ठेवणारी उंच जागा. हल्लेखोराला याहून जास्त काही लागत नाही.

आता ते चार दिवस.

२१ सप्टेंबरच्या रात्री 'व्हल्चर' ही इंग्रज युद्धनौका हडसनमध्ये नांगर टाकून होती. जोशुआ स्मिथ नावाच्या स्थानिक जमीनदाराला आर्नल्डनं सांगितलं की जहाजावरून एका माणसाला आणायचंय. नाव वल्हवायला स्मिथची दोन कुळं, कोलहून बंधू. त्यांनी आधी साफ नकार दिला: रात्र आहे, दमलोय, आणि एवढं चोख काम असेल तर दिवसा का नाही? आर्नल्डनं धमकावलं आणि माणशी ५० पौंड पीठ कबूल केलं, तेव्हा कुठे ते उठले. वल्ह्यांना आवाज होऊ नये म्हणून मेंढीचं कातडं गुंडाळलं. मध्यरात्रीनंतर हॅव्हरस्ट्रॉच्या खाली पश्चिम तीरावर झाडीत आर्नल्ड आणि आंद्रे भेटले. बोलणं पहाटेपर्यंत लांबलं. परत जायची वेळ झाली तर नावाडी अडून बसले: उजाडतंय, आता नाही. त्यांना कारण सांगता येत नव्हतं, त्यामुळे समजूतही घालता येईना. आंद्रेला स्मिथच्या घरी न्यावं लागलं, आणि ते घर अमेरिकन पहाऱ्याच्या आत होतं.

तेवढ्यात दुसरी गडबड. पलीकडच्या टेलर्स पॉइंटवर कर्नल जेम्स लिव्हिंग्स्टनचा तळ होता. इतके दिवस समोर ठाण मांडून बसलेलं इंग्रज जहाज त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. त्यानं चार पौंडी तोफेसाठी वेस्ट पॉइंटच्या तोफखान्याचा प्रमुख कर्नल लॅम्ब याच्याकडून दारू मागवली. लॅम्बनं ती दिली, पण एवढ्याशा तोफेनं जहाजावर मारा करणं म्हणजे दारूची नासाडी, असं पत्रातच कुरकुरून. २२ तारखेच्या पहाटे मारा सुरू झाला, 'व्हल्चर'ला गोळे लागले आणि ती खाली सरकली. आंद्रे स्मिथच्या माडीवरून पाहत राहिला. लिव्हिंग्स्टनला कटाची गंधवार्ताही नव्हती. असती, तरी त्यानं वेगळं काही केलं नसतं.

क्लिंटननं आंद्रेला तीन गोष्टी बजावल्या होत्या: शत्रूच्या हद्दीत शिरायचं नाही, गणवेश उतरवायचा नाही, कागद जवळ ठेवायचे नाहीत. चोवीस तासांच्या आत तिन्ही मोडल्या. गणवेश उतरवून स्मिथचा किरमिजी कोट चढवला, कागद मोज्यांत तळपायाखाली घातले. गणवेशात सापडला असता तर युद्धकैदी ठरला असता. साध्या कपड्यांत तो हेर झाला. माझ्या मते कपडे नाइलाजानं बदलले, पण कागद घेणं हा शुद्ध गाढवपणा. आर्नल्ड स्वतः किल्ल्यावर असताना लेखी पुराव्याची गरजच नव्हती.

२२ च्या संध्याकाळी किंग्ज फेरीवरून नदी ओलांडली. २३ च्या सकाळी स्मिथ क्रोटन नदीवरच्या पाइन्स ब्रिजजवळून परत फिरला. पुढचा पट्टा कुणाच्याच ताब्यात नव्हता. दोन्ही बाजूंचे लुटारू तिथे फिरत. टॅरीटाउनजवळ जॉन पॉल्डिंग, आयझॅक व्हॅन वॉर्ट आणि डेव्हिड विल्यम्स या तिघांनी घोडा अडवला. पॉल्डिंगच्या अंगावर जर्मन भाडोत्र्याचा कोट होता. आंद्रेला वाटलं आपलीच माणसं. खिशातला आर्नल्डच्या सहीचा परवाना आधी काढायच्या ऐवजी त्यानं आपण इंग्रज अधिकारी असल्याचं बोलून टाकलं. मग परवाना दाखवून काय उपयोग? बूट काढायला लावले, मोजे काढले. तिघांत पॉल्डिंगला तेवढं वाचता येत होतं. ते तिघे लुटायला बसले होते की पहाऱ्याला, हा वाद त्या काळापासून चालू आहे. पण आंद्रेनं देऊ केलेलं घड्याळ, घोडा, पैसे त्यांनी नाकारले, आणि काँग्रेसनं त्यांना वर्षाला २०० डॉलरचं निवृत्तिवेतन दिलं.

आता गुप्ततेची गंमत उलट्या बाजूनं. आर्नल्डनं आधीच चौक्यांना कळवून ठेवलं होतं की 'जॉन अँडरसन' नावाचा माणूस आला तर माझ्याकडे पाठवा. त्यामुळे नॉर्थ कॅसलच्या लेफ्टनंट कर्नल जेमसननं कागद वॉशिंग्टनकडे रवाना केले आणि कैदी मात्र आर्नल्डकडे, सोबत पत्र देऊन! वॉशिंग्टनचं हेरखातं सांभाळणारा बेंजामिन टॉलमॅज संध्याकाळी परतला. त्यालाही ते आगाऊ पत्र आलेलं होतं, म्हणून त्याला नावातच खोट दिसली. त्यानं कैदी माघारी आणायला लावला. पत्र मात्र जेमसननं जाऊ दिलं. आपल्या वरिष्ठावर संशय घेतल्याचं दिसू नये, एवढीच त्याची धडपड. इकडे कागद घेऊन निघालेला घोडेस्वार चुकीच्या वाटेनं गेला, कारण हार्टफर्डहून परतताना वॉशिंग्टननं रस्ता बदलला होता.

२५ च्या सकाळी वॉशिंग्टन आर्नल्डकडे न्याहारीला येणार होता, त्याचे दोन अधिकारी पुढे आले होते. न्याहारी चालू असताना जेमसनचं पत्र आर्नल्डच्या हातात पडलं. तो वर पेगीच्या खोलीत गेला, दोन मिनिटांत खाली आला, किल्ल्यावर जातो म्हणाला आणि घोड्यावरून नदीकाठी पोचला. आपल्या नावेतून मैलोगणती खाली 'व्हल्चर' गाठली आणि पोचवणाऱ्या नावाड्यांनाच कैदी करायला लावलं. क्लिंटननं त्यांना पुढे सोडलं. वॉशिंग्टन किल्ल्यावर गेला तर सलामीची तोफ नाही, किल्लेदार नाही, तटाची अवस्था वाईट. कागद हाती आले ते दुपारी.

पेगीनं त्या दिवशी वेड लागल्याचं असं नाटक वठवलं की वॉशिंग्टन आणि त्याचे अधिकारी हॅमिल्टन, लाफायेत असे तिघेही विरघळले. क्लिंटनची कागदपत्रं विसाव्या शतकात मिशिगन विद्यापीठात अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा कळलं की सुरुवातीपासून ती कटात होती आणि तिच्या कामगिरीबद्दल तिला स्वतंत्र ३५० पौंड मिळाले होते.

आंद्रेला १४ अधिकाऱ्यांच्या मंडळानं हेर ठरवलं आणि २ ऑक्टोबरला टॅपन इथे फाशी दिलं. किल्ला हाती न आल्यानं आर्नल्डला २०,००० ऐवजी ६,००० पौंड, वर ३१५ पौंड खर्चाचे, आणि ब्रिगेडियर जनरलची सनद मिळाली. आधी पक्के मागितलेल्या १०,००० पैकी उरलेल्या ४,००० साठी तो पुढेही भांडत राहिला. जानेवारी १७८१ मध्ये त्यानं रिचमंड जाळलं, सप्टेंबरात आपल्या जन्मगावाजवळचं न्यू लंडन. व्हर्जिनियात त्याची फौज कॉर्नवॉलिसच्या ताब्यात गेली. हाच कॉर्नवॉलिस दहा वर्षांनी श्रीरंगपट्टणला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या शेजारी तळ देऊन होता.

आपल्याकडे सूर्याजी पिसाळाचं नाव जसं वापरतात, तसं अमेरिकेत आर्नल्डचं नाव आहे. फरक इतकाच की पिसाळाच्या फितुरीबद्दल इतिहासकारांत वाद आहेत, इथे भाव-तोलासकट सगळी पत्रं शिल्लक आहेत. आर्नल्ड १४ जून १८०१ रोजी लंडनमध्ये कर्जबाजारी मेला. कर्ज पेगीनं फेडलं. मुलांना इंग्रज राजाचं निवृत्तिवेतन होतंच, शिवाय एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज बंगालच्या घोडदळात लागले. रॉबिन्सनच्या घरात त्या सकाळी आईपाशी असलेला तो सहा महिन्यांचा एडवर्ड १८१३ साली बिहारमध्ये, दानापूरच्या छावणीत वारला.